भाऊंचं फोल्डर

लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं आणि आतून वाळलेलं झुरळ पडलं. पंख्याच्या जाळीत अडकून मेलेलं, मिश्या शाबूत. शी! ज्या यंत्रावर अकरा वर्षं दोन्ही हात ठेवून मी पोट भरलं, त्याच्या पोटात हे. कागदात धरून बाहेर फेकलं, हात दोनदा साबणानं धुतले, तरी संध्याकाळी जेवताना बोटं नाकाशी नेऊन बघत होते. झाकण उघडलं होतं ते एवढ्यासाठीच, की जुन्या हार्डडिस्कच्या जागी कोणत्या जातीची एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसते ते डोळ्यांनी बघावं. दुकानदाराच्या जिभेवर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती.

माझं दुकान राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बायोडेटा, सगळं मीच करते, एकटी. डिझाईन इथं, छपाई नगरला. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, दोन महिने नव्या पाट्यांचं काम पुरलं, पण तोंडातलं नगर काही जात नाही. तर हा लॅपटॉप सकाळी बटण दाबल्यापासून बारा मिनिटांनी उघडायचा. बारा! मी शटर उघडून, झाडून, देवाला उदबत्ती लावून, चहा पिऊन यायची तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच. आतली जुनी हार्डडिस्क कटकट आवाज करायला लागली होती. म्हणजे ती जाणार, हे मला कळत होतं. आणि ती गेली तर तिच्यात काय काय जाणार, हेही कळत होतं.

त्यातली एक गोष्ट सोडली तर बाकी गेलं असतं तरी मी रडले नसते. ती गोष्ट म्हणजे एका मुलीचा फोटो.

आमच्याकडं बाजाराच्या दिवशी एक मावशी भाजी घेऊन येतात. मेथी, शेपू, कोथिंबीर. त्यांची मुलगी अकरावीला असताना तापानं गेली, चार दिवसांत. तिचा एकच चांगला फोटो, हसतानाचा, बापाच्या मोबाईलमध्ये होता. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी तो माझ्याकडं आला, पुढं तो मोबाईल विहिरीत पडला, आणि फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये तेवढा राहिला. मी म्हटलं होतं, मावशी, प्रिंट काढून देते, फ्रेम करा. तर म्हणाल्या, "नगं बया. घरात ठिवला तर तिचा बाप जेवत न्हाई. मी हितंच यिऊन बघंन." तेव्हापासून बाजार उठला की रिकामी पाटी बाहेर ठेवायच्या, एक जुडी माझ्या टेबलावर ठेवायच्या, पदराला हात पुसून स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "दाव की जरा." त्यांच्यासाठी मी डेस्कटॉपवर मुलीच्या नावाचं एक छोटं चित्र, आयकॉन, करून ठेवलं होतं. दोनदा दाबलं की फोटो पूर्ण पडद्यावर. मग लॅपटॉप त्यांच्याकडं वळवायचा आणि आपण गिऱ्हाईक बघायचं. पाच मिनिटं बसायच्या, "चल बया, येळ झाला" म्हणून उठायच्या. कधी लॅपटॉप अडकला तर तो चालू होईपर्यंत पोरीच्या गोष्टी सांगत बसायच्या.

आता त्या फ्लेक्सबद्दल सांगायलाच पाहिजे, आणि मला सांगतानाही मळमळतं.

आमच्या भागात 'भाऊ' म्हणवून घेणारे तीन पुढारी आहेत. माझं गिऱ्हाईक मधला. कुठल्याही निवडणुकीला उभा न राहता हा माणूस अकरा वर्षं 'भावी' आहे. वाढदिवसाला वीस बाय दहाचा फ्लेक्स, मध्ये भाऊ चालत येतायत, मागं वाघ, वर ढग, आणि खाली साठ जणांची तोंडं गोल गोल कापून लावलेली. त्या साठातले चाळीस जण मला फोन करतात, "ताई, माझं तोंड त्याच्यापेक्षा बारीक का?" भाऊंच्या दातांवरचा गुटखा मी अकरा वर्षं पुसतेय. पडद्यावर दात इतके मोठे करून बघावे लागतात, की एकेक किटण ओळखीचं झालंय. ईऽ! दातांच्या डॉक्टरनंही एवढे बघितले नसतील.

आणि गावात कुणी गेलं, की श्रद्धांजलीचा फ्लेक्स भाऊंकडून. मेलेलं माणूस मधे, भाऊ कोपऱ्यात, आणि कोपरा असा की मेलेल्यापेक्षा मोठा. फोटो तोच, वाढदिवसाचा, हात जोडलेला. मी फक्त ओठांची टोकं खाली ओढायची. झालं दुःख! मेलेल्याच्या अंगावर जे असेल ते चालत नाही. बनियनवरचा म्हातारा असेल तर त्याचं डोकं कापून कोटाच्या धडावर बसवायचं. ही धडं तयार मिळतात. कोटाची, फेट्याची, काठाच्या साडीची. मावशींच्या मुलीच्या वेळी भाऊंचा माणूस माझ्या टेबलाला टेकून म्हणाला, "ताई, ह्यो फोटो बरा न्हाई दिसत, पोरगी खिदळतीय नुसती. साडी टाका एक." मी टाकली. सतरा वर्षांच्या मुलीच्या मानेखाली मोरपंखी साडीतल्या कुठल्या तरी बाईचं धड लावलं. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही.

असो. हार्डडिस्क मरायच्या आत बदलायची होती, म्हणून एका सकाळी एसटीनं नगरला गेले. कॉम्प्युटरची दुकानं एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याचे कोपरे थुंकून लाल. भिंतीवर देवांच्या फरशा लावल्या होत्या, तर लोकांनी देवांना सोडून नेमकं मधल्या मोकळ्या जागेत थुंकलं होतं. नेम बघा! पदर नाकाला लावून वर गेले.

दुकानदार मान वाकडी करून मोबाईल खांद्यात धरून बोलत होता. मला बघून मोबाईल न काढताच विचारलं, "मिस्टर नाही आले का?"

"लॅपटॉप माझा आहे," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे त्यांना समजलं असतं."

माझं टाळकं सणकलं. पण काम माझं होतं. त्यानं आधी एक च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी काढून काचेवर ठेवली. "ही घ्या मॅडम, सगळ्यात फास्ट." मी म्हटलं, ही काडी माझ्या लॅपटॉपात बसायला तशी जागा पाहिजे, ती नाही, मी उघडून बघितलंय. मला जुन्या हार्डडिस्कच्या मापाची चपटी पाहिजे. त्यानं मोबाईल खांद्यातून काढला. झुरळाचे उपकारच म्हणायचे.

मग त्यानं सोनेरी अक्षरांचं एक खोकं पुढं केलं. एक टीबी, म्हणजे हजार जीबी, आणि किंमत चांगल्या कंपनीच्या पाचशे बारा जीबीच्या निम्मी. मी म्हटलं कंपनी कोणती? "इम्पोर्टेड आहे." कुठली? "बाहेरची." वॉरंटी? "आपली आहे ना, तोंडी." खोक्याचं सील दोनदा चिकटवलेलं, खालच्या पट्टीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा चिकट ठसा. उचलून बघितलं तर वजन रिकाम्या काडेपेटीएवढं. असल्या डिस्का एक टीबी दाखवतात आणि आत जागा नखाएवढी असते. फायलींची नावं सगळी दिसतात, उघडली की काही नाही. हे सगळं मी रात्रभर व्हिडिओ बघून शिकून गेले होते. त्या खोक्याला पुन्हा हात लावावासा वाटेना. "हे तुमच्या घरच्या लॅपटॉपला लावा," म्हटलं. तो हसला. गुटखा ह्याच्याही दातावर होताच.

शेवटी नावाजलेल्या कंपनीच्या दोन राहिल्या. दोनशे छप्पन जीबी आणि पाचशे बारा. माझा डेटा तीनशे दहा. म्हणजे सरळ हिशोबानं पाचशे बारा घ्यायला पाहिजे होती, आणि घेण्याइतके पैसे पर्समध्ये होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मी लोकांना सांगत फिरले की परवडत नव्हती. परवडत होती. पण मी मनात म्हटलं, ह्या तीनशे दहातलं माझं किती? वाघ, ढग, साठ तोंडं, त्यांचे दात. त्या भाऊला राहायला जागा मी का विकत घेऊ? "दोनशे छप्पन द्या," मी म्हटलं.

"मग आधी कमी करून आणा. दोनशे छप्पनमध्ये खरी जागा दोनशे अडतीसच असते." हेही एक आहेच! खोक्यावर एक, आत दुसरं. त्यातही लबाडी. "कमी करून आणलं, की आहे तसं उतरवून देतो, काहीही हलणार नाही."

घरी आले आणि चार दिवस कचरा उपसला. लग्नपत्रिका तपासून तपासून ठेवल्या. शाळेचे दाखले ठेवले. दहा वर्षांमागचा बायोडेटासुद्धा उघडून बघितला, पोरीचं लग्न झालंय हे आठवून मगच काढून टाकला. एवढी मी काळजीची. आणि मग भाऊंच्या फोल्डरवर आले. पंच्याण्णव जीबी. फोल्डरच्या नावाआधी मीच कधीतरी 'मा.' लावलं होतं. मा. म्हणे! उघडलंसुद्धा नाही. आत बघायचं म्हणजे पुन्हा ते दात. एरवी फाईल काढली की कचऱ्याच्या डब्यात जाते, तिथून परत आणता येते. मी शिफ्ट दाबून ते फोल्डर कायमचंच काढून टाकलं. माझ्या डब्यातही त्याला जागा द्यायची नव्हती. पट्टी हळूहळू भरत गेली, मी हातात चहा घेऊन शेवटपर्यंत बघत बसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बऱ्याच वर्षांनी नाक शिंकरून मोकळं झाल्यासारखं.

दुसऱ्या खेपेला दुकानदारानं तासाभरात काम केलं. जुनी हार्डडिस्क ठेवून जाता का, थोडे कमी करतो, म्हणाला. ती कटकट करणारी, झुरळाशेजारी राहिलेली वस्तू घरी नेऊन करायचं काय? ठेवून आले. नव्या डिस्कवर लॅपटॉप नऊ सेकंदांत उघडला. एसटीत मांडीवर घेऊन मी तो चार वेळा बंद करून चार वेळा उघडला.

बाजाराच्या दिवशी मावशी आल्या. पाटी बाहेर, मेथीची जुडी टेबलावर. "दाव की जरा." मी ऐटीत बटण दाबलं. त्या पदराला हात पुसेपर्यंत पडदा उजळला.

"अगं बया! आज लई बिगी बिगी उघाडलं," त्या म्हणाल्या, आणि स्टूल पुढं ओढलं.

मुलीच्या नावाचं चित्र होतं तिथंच होतं. दोनदा दाबलं. एक चौकोन आला. फाईल सापडत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आणि तेव्हा मला कळलं. डेस्कटॉपवर होतं ते नुसतं बोट होतं, तिकडं आहे म्हणून दाखवणारं. फोटो भाऊंच्या फोल्डरमध्ये होता. कारण फ्लेक्स भाऊंनी दिला होता, आणि आमच्या धंद्यात फाईल जो पैसे देतो त्याच्या नावानं ठेवतात. मेलेल्याच्या नावानं कुणी ठेवत नाही. अकरा वर्षं मीही ठेवली नव्हती.

"मावशी, मशीन नवीन आहे, अजून बसतंय," मी खोटं बोलले. "पुढच्या बाजारी दाखवते."

"ऱ्हाऊ दे की, घाई न्हाई," म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नगर. त्याच थुंकलेल्या जिन्यावरून पळत वर. जुन्या डिस्कवरून पुसलेलं परत काढता येतं, वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर, हे मला माहीत होतं. दुकानदार म्हणाला, "ती होय? ती गेली ना मॅडम. एका खताच्या गोडाऊनला कॅमेरे लावले, त्यात टाकली. रेकॉर्डिंगला काय, कसलीही चालते."

"कधी लावली?"

"तुम्ही गेल्या त्याच संध्याकाळी."

म्हणजे आठवडाभर, दिवसरात्र, त्या मुलीच्या हसण्यावर खताच्या पोत्यांचं चित्रण चाललं होतं. मी काउंटर धरून उभी राहिले. त्यानं बिचाऱ्यानं ह्या वेळी खुर्ची दिली, पाणीही दिलं. ह्याच्यावर ओरडायला मला काही जागाच नव्हती. त्यानं काहीही हलवलं नव्हतं.

येताना भाऊंच्या माणसाला फोन लावला. फोटो त्यानंच आणून दिला होता. म्हटलं, त्या अकरावीतल्या मुलीचा मूळ फोटो तुमच्याकडं आहे का?

"कंची पोरगी?"

मी सांगितलं. गल्ली सांगितली, आईचं भाजीचं सांगितलं, साडी टाकली होती ते सांगितलं.

"न्हाई ध्यानात येत ताई. त्या वर्षी श्रद्धांजल्या लई झाल्या आपल्या." मग लगेच, "बरं झालं फोन केला. भाऊंचा वाढदिवस आलाय. मागच्या सालाचीच फाईल काढा, फकस्त वाघ बदला." मी फोन कापला. माझ्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. पण ती ओकारी त्या माणसाची नव्हती. त्याला पोरगी आठवत नव्हती आणि मला पोरगी कोणाच्या फोल्डरमध्ये ठेवलीय ते आठवत नव्हतं. आमच्यात फरक तो काय?

पुढचा बाजार आला. मी लॅपटॉप बंदच ठेवला होता. मावशी बसल्या, त्यांनी जुडी ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. मशीन बसतंय हे खोटं होतं, इथपासून. माझ्या हातानं गेला, म्हटलं. रागाच्या भरात दुसऱ्याचं काढताना तुमचं काढलं.

त्यांना डिस्क, फोल्डर काही कळलं नसावं. गेला एवढं कळलं. "व्हय?" म्हणाल्या. पदराच्या टोकानं बंद लॅपटॉपचं झाकण पुसलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

मग म्हणाल्या, "तुझ्या ध्यानात असंल की. तिच्या हातात कायतरी हुतं बघ. कणीस हुतं का पेरू? माझी नजर तोंडावरनं खाली कदी उतारलीच न्हाई."

मी आठवायला लागले. त्या मुलीचा डावा कान मला आजही काढता येईल. कानामागून सुटलेली केसांची बट, तिची कड कापायला मला अर्धा तास लागला होता. हनुवटीखालची सावली आठवते, कारण साडीच्या धडाशी तिचा रंग जुळत नव्हता. मानेखाली काय होतं? हात कुठं होते? काही नाही. फ्लेक्ससाठी ते मीच कापून टाकलं होतं. आणि पुढं प्रत्येक बाजारी तो फोटो मी उघडून वळवून दिला, बघितला एकदाही नाही. बाहेर गिऱ्हाईक उभं असायचं.

मावशी वाट बघत होत्या.

"पेरू होता," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. "पेरूच! बांधावरचा आसंल. मला वाटलंच." उठल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि गेल्या. जुडी टेबलावर तशीच होती. मला तिच्याकडं बघवेना, आणि माझ्याकडंही. माझी मला इतकी किळस आजवर आली नव्हती. सतरा वर्षांच्या त्या पोरीला मी आधी साडी चिकटवली आणि आता हातात पेरू.

मला वाटलं, आता त्या यायच्या नाहीत. पण पुढच्या बाजारी आल्या. पाटी बाहेर ठेवली, जुडी टेबलावर ठेवली, पदराला हात पुसून स्टुलावर बसल्या. लॅपटॉपकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडंच बघून म्हणाल्या, "अर्धा खाल्लेला हुता त्यो पेरू. न्हाई का गं?"

बाहेर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला मी थांब म्हटलं, आणि मावशींना म्हटलं, "हो. अर्धा खाल्लेला."